परसांतलें झाड कां वठतें ?



"आमचा आंबा वठत चालला आहे, एकदां येऊन पाहून जा," असा निरोप आला म्हणजे मी त्या घरीं जातों, आणि तेथें मला बहुधा एकच देखावा दिसतो. घरचीं सारीं माणसें परसांत जमलेलीं असतात आणि सर्वांच्या माना वर असतात. कोणी विरळ झालेल्या शेंड्याकडे बोट दाखवितो, कोणी पिवळ्या पडलेल्या पानांकडे, कोणी वाळलेल्या डहाळ्यांकडे. मी शेंड्याकडे एकवार पाहून घेतों आणि बुंध्याशीं जाऊन खालीं बसतों. पुण्यांतल्या अशाच एका घरीं ऐंशी वर्षांच्या एका आजीबाईंनीं मला न राहवून म्हटलें, "अहो, दुखणें वर आहे, तुम्ही खालीं काय शोधतां?"

आजीबाईंचा प्रश्न रास्त होता. दुखणें दिसत होतें तें वरच. पण झाडाच्या बाबतींत दुखणें जेथें दिसतें तेथेंच तें असतें असें नाहीं. संस्कृतांत झाडाला 'पादप' असें एक नांव आहे. पादप म्हणजे पायांनीं पिणारा. ज्याचें तोंडच पायाशीं आहे त्याचें अंग सुकूं लागलें, तर प्रथम पाय पाहावे हेंच बरें.

आज आपल्याशीं बोलावयाचें तें एवढ्याचसाठीं. शहरांतल्या परसांत जीं मोठीं झाडें आपल्या डोळ्यांदेखत वठतात, त्यांतलीं पुष्कळशीं मुळांत रोगानें किंवा किडीनें मरत नाहींत. आपण त्यांच्या मुळांवर जें लादलें त्यानें मरतात. कीड आणि रोग मागाहून येतात, आणि बोल मात्र त्यांच्या माथीं जातो. म्हणून औषधाची बाटली आणण्यापूर्वीं झाडाचे पाय उघडे करून पाहावे, आणि गेल्या चार-पांच वर्षांत आपण त्या पायांशीं कसे वागलों हें आठवावें. हें कसें करावयाचें, आणि केल्यानंतर उपाय कोणता, तें आतां क्रमानें सांगतों.

मुळांविषयीं आपली एक समजूत असते कीं, झाड जेवढें वर दिसतें तेवढेंच तें जमिनींत उलटें उतरलेलें असतें. ही समजूत बरोबर नाहीं. आंब्याचें सोटमूळ खोल जातें हें खरें. तें झाडाला धरून ठेवतें आणि कडक उन्हाळ्यांत खोलचा ओलावा वर आणतें. परंतु रोजचें अन्नपाणी शोषणारीं केसासारखीं बारीक मुळें बहुतांशीं वरच्या दीड-दोन फूट मातींतच असतात, आणि तीं आडवीं पसरत पसरत झाडाच्या सांवलीच्या कडेपलीकडेहि जातात. म्हणजे जेथें आपण मोटार उभी करतों, जेथें धुण्याचा दगड असतो, जेथें कुंपणाच्या भिंतीचा पाया खणला जातो, तेथें झाडाचें तोंड असतें.

दुसरी गोष्ट अशी कीं, मुळांना श्वास घ्यावा लागतो. पानें उन्हांत साखर तयार करतात, ती मुळांकडे उतरते, आणि तिच्यापासून शक्ति मिळविण्यासाठीं मुळांना प्राणवायु लागतो. तो मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून येतो. चांगल्या मातींत जवळजवळ निम्मी जागा अशा पोकळ्यांची असते. कांहींत पाणी असतें, कांहींत हवा. माती तुडवून घट्ट झाली, वर काँक्रीट पडलें, भराव पडला किंवा पाणी सांचून राहिलें, कीं ही हवा कोंडते. श्वास कोंडलेल्या मुळाला पाणीहि ओढतां येत नाहीं. म्हणून चिखलांत उभें असलेलें झाड तहानेनें कोमेजतें. यजमान तें कोमेजणें पाहतात आणि आणखी दोन बादल्या पाणी ओततात.

हें सारें एका दिवसांत घडत नाहीं. मोठ्या झाडाच्या खोडांत, फांद्यांत आणि जाड मुळांत पिष्टाचा सांठा असतो. त्या सांठ्यावर तें एक वर्ष काढतें, दोन वर्षें काढतें. बांधकाम आटोपतें तेव्हां झाड हिरवेंगार असतें, आणि आपण समाधानानें म्हणतों, "पाहा, झाडाला कांहीं झालें नाहीं." तिसऱ्या-चवथ्या वर्षीं शेंडा वाळूं लागतो, त्या वेळीं भरावाची आठवणहि कोणाला उरलेली नसते.

आतां लक्षणांकडे वळूं. सहाव्या शतकांतील वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत वृक्षायुर्वेदाचा एक अध्याय आहे. आजारी झाडाचीं लक्षणें तेथें चार सांगितलीं आहेत : पानें फिकीं पडणें, पालवी न वाढणें, फांद्या वाळणें आणि रस गळणें. आजहि तपासणीची सुरुवात याच चार गोष्टींनीं होते. कारण म्हणून त्यानें थंडी, वारा आणि ऊन हीं सांगितलीं. परंतु त्याच अध्यायांत दोन झाडांमध्यें वीस हात अंतर उत्तम, सोळा हात मध्यम आणि बारा हात हें कमींत कमी, असें सांगून तो बजावतो कीं, जवळजवळ लावल्यानें ज्यांचीं मुळें एकमेकांत मिसळलीं तीं झाडें नीट फळत नाहींत. मुळांना जागा लागते ही गोष्ट त्याच्या दृष्टीस आली होती.

लक्षणें पाहतांना पहिला प्रश्न असा विचारावा : दुखणें एका फांदीचें कीं साऱ्या झाडाचें ? एकच फांदी वाळली असेल तर त्या फांदीवरच कारण शोधावें. तेथें भिरूड लागलें असेल, बांडगूळ वाढलें असेल, किंवा जुनी जखम कुजली असेल. भिरूड असेल तर सालीला भोंकें दिसतात आणि खालीं लांकडाचा भुसा सांडलेला आढळतो. परंतु सारा शेंडा एकदम विरळ झाला, डहाळ्या टोंकाकडून मागें वाळत आल्या, नवीं पानें वर्षानुवर्ष लहान होत गेलीं, आणि पालवीचे कोंब वीतभर वाढावयाचे ते चार बोटेंच वाढूं लागले, तर दुखणें मुळांशीं आहे असें बहुधा समजावें. मुळांपासून सर्वांत दूर शेंडा. पाणी कमी पडूं लागलें कीं पहिली झळ त्याला लागते. आणखी एक लक्षण फसवें आहे. मरणाच्या वाटेवरचें झाड कधीं कधीं अवेळीं किंवा अतोनात मोहोरतें. घरांत आनंद होतो, आणि पुढच्या वर्षीं झाड बसतें.

मीं ज्या आजीबाईंचा उल्लेख केला त्यांचा आंबा रायवळ होता. त्यांच्या सासूबाईंनीं बाठ रुजवून लावलेला. कैरी आंबट, लोणच्याला नामी. त्याचा शेंडा पूर्णपणें उघडा पडला होता आणि पूर्वेकडच्या दोन मोठ्या फांद्या साफ वाळल्या होत्या. यजमानांनीं आदल्या वर्षीं युरिया घातला होता, नंतर कीटकनाशकाची फवारणी केली होती, आणि कोणाच्या सांगण्यावरून बुंध्यांत लोखंडी खिळेहि ठोकून झाले होते. झाड तोडण्याच्या परवानगीचा अर्ज लिहून टेबलावर तयार होता. आजीबाईंनीं मात्र सहीला आठ दिवसांची मुदत मागून घेतली होती.

मीं विचारलें, "चार-पांच वर्षांत येथें कांहीं बांधकाम झालें काय ?" यजमान म्हणाले, "छे, घराला हातहि लावलेला नाहीं." थोड्या वेळानें त्यांच्या पत्नीला आठवलें कीं, पावसाळ्यांत परसांत पाणी येई म्हणून तीन वर्षांपूर्वीं राडारोडा आणि मुरूम टाकून जमीन उंच केली होती, आणि वर शहाबादी फरशी बसवून सांधे सिमेंटनें भरले होते. आणखी थोड्या वेळानें यजमानांनाच आठवलें कीं, त्याच वेळीं पूर्वेच्या बाजूनें सांडपाण्याची नळी टाकण्यासाठीं चर खणला होता. हा प्रश्न प्रत्येकानें आपल्याशीं चार वेळां विचारावा. भराव, फरशी, चर, भिंतीचा पाया, बुंध्याशीं कालवलेला चुना-सिमेंट, मोरीचें फिरवलेलें पाणी, कूपनलिकेचें खारट पाणी, यांपैकीं कांहींना कांहीं आठवतेंच.

यानंतर बुंधा पाहावा. निरोगी झाडाचा बुंधा जमिनीला टेकतांना घंटेच्या कांठासारखा पसरतो, आणि तेथूनच मोठीं मुळें फुटलेलीं डोळ्यांना दिसतात. बुंधा जर विजेच्या खांबासारखा सरळ जमिनींत गेलेला दिसला, तर त्याच्याभोंवतीं माती चढली आहे असें समजावें. मुळांची साल मातींत राहण्यासाठीं असते, खोडाची साल हवेंत राहण्यासाठीं. खोडाची साल सदा ओली राहिली तर ती कुजते, आणि पानांत तयार झालेली साखर ज्या थरांतून खालीं उतरते तो थर सालीच्या आंतच असतो. कलमी झाड असेल तर कलमाचा सांधाहि जमिनीच्या वर हवा. तो पुरला गेला असेल तर तोच दोष.

माती हातांनीं आणि खुरप्यानें हलकेच दूर करावी. कुदळ वापरूं नये. साल उघडी पडली कीं लांकडी मुठीनें ठोकून पाहावी. भरीव आवाज आला तर बरें. पोकळ आला तर आंत कूज आहे. संशयाच्या जागीं नखाएवढी साल खरवडावी. खालीं ओलसर पांढरा किंवा हिरवट थर दिसला तर तो भाग जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडा अथवा कुजका दिसला तर मेला आहे. बुंध्यावर अळंबीं किंवा लांकडासारखीं कठीण छत्रें उगवलीं असतील तर त्यांची विशेष नोंद घ्यावी. त्यांविषयीं पुढें सांगणार आहें. वाळवीच्या मातीचे पापुद्रे दिसले म्हणून घाबरून जाऊं नये. वाळवी पुष्कळदां मेलेली सालच खाते. ती मरणाची साक्षीदार असते, खुनी असतेच असें नाहीं.

पिशवींत वाढलेलें कलम असेल तर आणखी एक दोष सांपडतो. पिशवीच्या कडेनें गोल गोल फिरलेलें मूळ लावतांना तसेंच राहतें, झाडाबरोबर जाड होतें, आणि दहा-बारा वर्षांनीं बुंध्यालाच फांसासारखें आवळतें. असें मूळ बारीक असेल तर तें छिनून काढावें. जाड असेल आणि त्यावर झाडाचा बराच भार असेल तर जाणत्या माणसाला दाखविल्यावांचून कापूं नये.

शेवटची तपासणी मातीची. झाडाच्या सांवलीच्या कडेजवळ तीन-चार ठिकाणीं दीड फूट खोल लहान खड्डे खणावे. माती हातांत घ्यावी आणि नाकाजवळ न्यावी. चांगल्या मातीला पहिल्या पावसाचा वास येतो. कोंडलेल्या मातीला गटाराचा किंवा नासक्या अंड्याचा वास येतो आणि तिचा रंग निळसर-करडा पडतो. बारीक मुळें पाहावीं. जिवंत मूळ पांढरट किंवा बदामी आणि चिवट असतें. मेलेलें मूळ काळें पडतें, आणि चिमटींत धरून ओढलें तर वरची साल मोज्यासारखी निघून आंतला दोराच हातांत राहतो. मग खड्डा पाण्यानें भरावा. तें जिरल्यावर पुन्हां भरावा आणि घड्याळ पाहावें. दुसऱ्या दिवशीं त्याच वेळींहि खड्ड्यांत पाणी उभें असेल तर निचरा नाहीं हें सिद्ध झालें. देशावरच्या काळ्या मातींत हा दोष फार. ती पाण्यानें फुगते आणि पोकळ्या मिटवून टाकते. उन्हाळ्यांत तीच माती भेगाळून बारीक मुळें तोडते. कोंकणांतल्या जांभ्याच्या मातींत पाणी बहुधा लवकर उतरतें. तेथें खालीं सलग कातळ लागला तर मात्र गोष्ट वेगळी.

आजीबाईंच्या परसांत आम्हीं बुंध्याभोंवतालच्या चार फरश्या उचलल्या. खालीं चौदा इंच भराव निघाला. मूळची माती लागली तेव्हां तिचा वास सर्वांना आला. पश्चिमेच्या बाजूला साल बहुतेक शाबूत होती, पूर्वेच्या बाजूला तळहाताएवढी कुजली होती. नळीच्या चरांत मनगटाएवढीं जाड तीन मुळें कापलेलीं सांपडलीं. बहुतेक झाडांत ज्या बाजूचें मूळ त्या बाजूच्या फांद्यांना मुख्यतः पाणी पोंचवितें. पूर्वेकडच्याच फांद्या कां वाळल्या तें आतां वेगळें सांगावें लागलें नाहीं. आजीबाई खुर्ची आणून जवळ बसल्या होत्या. त्या एवढेंच म्हणाल्या, "म्हणजे आम्हींच त्याला पुरलें होतें."

आतां उपाय. त्यांत पहिला उपाय म्हणजे उपाय थांबविणें. मुळें आजारी असतां युरिया घालूं नये. नत्राच्या जोरावर पालवी फुटते, ती पोसण्याची ताकद मुळांत नसते, आणि उरलासुरला सांठाहि खर्चीं पडतो. हिरव्या फांद्यांची छाटणी करूं नये. मुळांना अन्न देणारीं तींच पानें आहेत. फक्त वाळलेलें लांकूड काढावें. पोकळींत सिमेंट भरण्याची जुनी चाल आतां तज्ज्ञांनीं सोडून दिली आहे. वाऱ्यानें झाड डोलतें, सिमेंट डोलत नाहीं, आणि दोहोंच्या मधल्या फटींत पाणी सांचून कूज वाढते. खिळे तर मुळींच ठोकूं नयेत.

दुसरा उपाय म्हणजे पाय मोकळे करणें. भराव काढून बुंध्याचा पसरलेला भाग हवेंत आणावा, आणि तेथें पाणी सांचूं नये म्हणून एका बाजूला वाट ठेवावी. फरशी वा काँक्रीट निदान बुंध्यापासून चोहों बाजूंनीं एक मीटरपर्यंत तरी उखडावें. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१३ सालीं दिल्लींतल्या झाडांभोंवतालचें एक मीटरपर्यंतचें काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता, तो याच कारणासाठीं. एक मीटर ही कमींत कमी मर्यादा आहे. मोठ्या झाडाला त्याच्या सांवलीएवढी मोकळी जमीन मिळाली तर उत्तम. तेवढें शक्य नसेल तर सिमेंटचे सांधे काढून फरशी वाळूवर सुटी बसवावी, किंवा तेथें जाड खडी पसरावी. पाणी आणि हवा आंत गेली म्हणजे झालें.

तिसरा उपाय घट्ट झालेल्या मातीचा. बुंध्यापासून तीन-चार फूट सोडून, चाकाच्या आऱ्यांप्रमाणें बाहेर जाणारे पांच-सहा अरुंद चर खणावे. खोली फूटभर पुरे. खणतांना बोटापेक्षां जाड मूळ लागलें तर त्याला वळसा घालावा. चरांत तीच माती चांगल्या कुजलेल्या शेणखतांत किंवा पाल्याच्या खतांत मिसळून सैलसर भरावी. नवीं मुळें प्रथम या चरांतून धांवतात. मग सर्व मोकळ्या जमिनीवर पाचोळ्याचें तीन-चार बोटें जाड आच्छादन घालावें. बुंध्याभोंवतीं मात्र वीतभर जागा उघडी ठेवावी. आपण रोज सकाळीं झाडून जाळतों किंवा घंटागाडींत टाकतों तो पाचोळा म्हणजे झाडानें स्वतःसाठीं टाकलेलें पांघरूण आहे. त्याखालीं गांडुळें येतात, माती भुसभुशीत होते आणि उन्हाळ्यांत ओल टिकते.

चवथा उपाय पाण्याचा. पाणी बुंध्याशीं ओतूं नये. मुळें जेथें पितात तेथें, म्हणजे सांवलीच्या कडेजवळ द्यावें. रोज तांब्याभर देण्यापेक्षां, माती हाताला कोरडी लागूं लागल्यावर एकदां भरपूर द्यावें. आळें करावयाचें तर दुहेरी करावें : आंतला बांध बुंध्याला कोरडें ठेवण्यासाठीं, बाहेरचा पाणी अडविण्यासाठीं, आणि पाणी दोहोंच्या मधल्या बांगडींत.

या चवथ्या उपायाची किंमत मला माझ्या स्वतःच्या परसांत कळली. आमच्या घरीं कागदी लिंबाचें एक झाड होतें. मोरीचें पाणी वायां जाऊं नये म्हणून मींच तें त्याच्या बुंध्याशीं वळविलें. दोन वर्षें लिंबें लागलीं आणि मी आपल्या काटकसरीवर खूष होतों. तिसऱ्या पावसाळ्यानंतर पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या, बुंध्याला जमिनीलगत डिंक फुटला आणि साल काळी पडून आंबूस वास येऊं लागला. मीं माती उकरली तेव्हां बुंध्याच्या तीन बाजूंची साल मेलेली होती. त्या झाडावर उपाय उरला नव्हता.

लिंबू, संत्रें, मोसंबें या वर्गाला होणारा हा डिंक्या रोग फायटोफ्थोरा नांवाच्या सूक्ष्म जीवामुळें होतो. जर्मन शास्त्रज्ञ डी बारी यानें १८७६ सालीं दिलेल्या या नांवाचा अर्थच 'वनस्पतींचा नाश करणारा' असा आहे. आयर्लंडमध्यें १८४५ पासून बटाट्याचें पीक नासून जो भयंकर दुष्काळ पडला तो याच्याच एका भाऊबंदानें पाडला. याचीं बीजें पाण्यांत पोहतात, आणि म्हणून सदा ओल्या राहणाऱ्या मातींतच त्याचें राज्य चालतें. विदर्भांतल्या संत्र्याच्या बागांना याचा उपद्रव मोठा आहे, आणि नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेंत त्यावर पुष्कळ काम झालें आहे.

रोग लवकर ध्यानांत आला तर मेलेली साल धारदार सुरीनें जिवंत भागापर्यंत खरवडून काढावी आणि त्या जागीं बोर्डो मलम लावावें. मोरचूद व चुना यांच्या मिश्रणाचा गुण बोर्दो येथील प्राध्यापक मिलार्दे यानें १८८५ सालीं प्रसिद्ध केला. रस्त्याकडेचीं द्राक्षें चोरीस जाऊं नयेत म्हणून तिकडचे बागवान वेलांवर मोरचूद आणि चुना शिंपीत. तेवढेच वेल रोगापासून वांचलेले त्याला दिसले. मलमासाठीं एक किलो मोरचूद पांच लिटर पाण्यांत, आणि एक किलो कळीचा चुना दुसऱ्या पांच लिटर पाण्यांत, असें वेगवेगळें कालवावें आणि मग दोन्ही एकत्र करावें. भांडीं प्लॅस्टिकचीं किंवा मातीचीं असावींत. लोखंडाचीं वा पत्र्याचीं नसावींत. मिश्रणांत लोखंडी सुरी क्षणभर बुडवावी. तिच्यावर तांबूस थर आला तर चुना कमी आहे, तो थोडा वाढवावा. तयार मलम त्याच दिवशीं संपवावें, आणि पावसाळ्यापूर्वीं एकदां व नंतर एकदां बुंध्याला जमिनीपासून तीन फुटांपर्यंत लावावें. परसांतल्या एखाद-दुसऱ्या झाडासाठीं याच प्रमाणांत दहावा हिस्सा केला तरी पुरतो. मोरचूद विषारी आहे. हातमोजे घालावे आणि मुलांना दूर ठेवावें. मुळांना देण्याचीं नवीं रासायनिक औषधेंहि आहेत, पण तीं जवळच्या कृषि महाविद्यालयांत मुळांचा व मातीचा नमुना दाखवून, तेथील सल्ल्यानेंच घ्यावीं. ट्रायकोडर्मा नांवाची उपकारक बुरशी मिळते. ती कुजलेल्या शेणखतांत मिसळून घातल्यास रोगट बुरशींना आळा बसण्यास मदत होते. परंतु पाणी सांचण्याचें कारण तसेंच ठेवून यांपैकीं कोणतेंहि औषध घालणें म्हणजे नळ सुटा ठेवून लादी पुसत बसणें होय.

आतां एक अप्रिय गोष्ट. प्रत्येक झाड वांचत नाहीं, आणि प्रत्येक झाड वांचविण्याचा हट्टहि धरूं नये. बुंधा नव्यानेंच एका बाजूला कलला असेल आणि उलट बाजूची जमीन उचलली किंवा भेगाळली असेल, बुंध्याला चोहों बाजूंनीं कठीण छत्रें उगवलीं असतील, किंवा एका बाजूचीं मोठीं मुळें सगळींच कुजलीं असतील, तर झाडाचा आधार गेला आहे. वर पानें हिरवीं असलीं तरी असें झाड पावसाळ्यांत, माती भिजून सैल झाल्यावर, घरावर किंवा रस्त्यावरच्या माणसावर कोसळूं शकतें. ही तपासणी वळवाच्या पावसाआधीं करावी आणि शंका असेल तर जाणत्या माणसाला दाखवावें. तोडावयाचें ठरलें तरी झाड आपल्या आवारांत आहे म्हणून आपल्या मर्जीनें तोडतां येत नाहीं. महाराष्ट्रांत नागरी क्षेत्रांतल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ पासून आहे, आणि त्याप्रमाणें आधीं परवानगी घ्यावी लागते. गेलेल्या झाडाच्या जागीं लगेच त्याच जातीचें रोप लावूं नये. आमच्या लिंबाची जागा मीं तशीच सोडली आणि दहा पावलांवर, उंचवटा करून, दुसरें लावलें. मोरीचें पाणी आतां अळूला जातें.

उपाय केल्यावर धीर धरावा लागतो. ज्या दुखण्याला तीन वर्षें लागलीं तें तीन महिन्यांत जात नाहीं. झाड आपल्याला उत्तर देतें तें पालवीच्या कोंबांतून. दरवर्षीं एकाच उंचीच्या चार डहाळ्यांचे नवे कोंब मोजून भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत लिहून ठेवावे. आंकडा वाढत असेल तर आपण बरोबर वाटेवर आहों. वाढत नसेल तर पुन्हां खालीं बसून पाहावें.

आजीबाईंच्या आंब्यावरचें काम आम्हीं दिवाळीनंतर, पाऊस पुरता सरल्यावर सुरू केलें आणि महिनाभर थोडें थोडें केलें. पहिल्या वर्षीं कांहींच बरें दिसलें नाहीं. उलट पूर्वेकडची आणखी एक फांदी वाळली. यजमानांनीं अर्जाची आठवण काढली. आजीबाईंनीं पुन्हां मुदत मागितली. दुसऱ्या वर्षीं होळीच्या सुमारास पश्चिमेच्या फांद्यांवर तांबूस पालवी आली आणि तिचे कोंब आदल्या वर्षीच्या दुप्पट भरले. तिसऱ्या वर्षीं त्या बाजूला मोहोर टिकला. पूर्वेची बाजू गेली ती गेलीच. तेथलें वाळलें लांकूड काढून टाकल्यावर झाड एकांगी आणि कांहींसें कुरूप दिसतें. त्या वर्षीं ज्येष्ठांत माझ्या घरीं लोणच्याची एक लहान बरणी आली. बरणी लहान कां, तर कैऱ्या अर्ध्याच झाडाच्या होत्या, असा निरोप बरोबर होता.

आपल्यापैकीं कोणाच्या परसांत एखादें झाड उदास दिसत असेल, तर उद्यां सकाळीं चहा झाल्यावर एक खुरपें घेऊन त्याच्या बुंध्याशीं बसावें. खतवाल्याकडे किंवा औषधवाल्याकडे त्यानंतर जावें. बहुधा जाण्याचें काम पडणार नाहीं.